हुशार माणसाला कोण समजावणार?

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की तुमच्या घरात कुणी न पटणाऱ्या गोष्टींवर विश्वास ठेवतं का, आणि तुम्ही काय करता. पत्रं भरपूर आली, मेल त्याहून जास्त, आणि वाचताना एक गोष्ट सारखी जाणवली की तक्रार अडाणी माणसांबद्दल जवळजवळ नाहीच. तक्रार आहे ती घरातल्या सगळ्यात शिकलेल्या माणसाबद्दल. म्हणून या वेळी फक्त तीच पत्रं घेतलीत.

ताई नमस्कार. माझा मोठा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर, गोल्ड मेडलिस्ट, मला इंटिग्रेशन त्यानेच शिकवलं. दोन वर्षांपूर्वी फ्लॅट घेतला आणि सहा महिन्यांत वहिनींची नोकरी गेली, पुतण्याचा हात मोडला. कुणीतरी वास्तुवाल्याला घेऊन आलं, तो म्हणाला ईशान्येला टॉयलेट आहे. दादाने टॉयलेट तोडून दुसऱ्या बाजूला नेलं, साडेचार लाख गेले, खालच्यांकडे लीकेज सुरू झालं ते वेगळंच. मी काही बोललो की मला पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र समजावून सांगतो आणि मला उत्तरच सुचत नाही. इतका हुशार माणूस असं कसं करू शकतो? (एक वाचक, नाशिक)

तुमच्या पत्रातच उत्तर आहे, फक्त घटनांचा क्रम नीट बघा. आधी नोकरी गेली, मग हात मोडला, मग वास्तुवाला आला, मग टॉयलेट तुटलं, आणि चुंबकीय क्षेत्र सगळ्यात शेवटी आलं. दादाने चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करून टॉयलेट तोडलेलं नाही हो. तो घाबरला होता, घरावर लागोपाठ दोन घाव बसले होते, कुणीतरी येऊन सांगितलं की याला कारण आहे आणि त्या कारणावर उपायही आहे, आणि त्याने तो धरला. पैसे खर्च झाल्यावर, पाहुण्यांसमोर, तुमच्यासमोर त्याचं समर्थन करायची वेळ आली तेव्हा त्याची हुशारी कामाला लागली. आपल्याकडे कावळा बसायला अन् फांदी मोडायला एकच गाठ म्हणतात. साधा माणूस एवढं म्हणून गप्प बसेल किंवा 'नशीब' म्हणेल, पण इंजिनिअर माणूस कावळ्याचं वजन आणि फांदीची जाडी घेऊन गणित मांडून दाखवतो, आणि गणित मांडलेलं दिसलं की समोरचाही गप्प होतो. तुम्ही झालात तसा.

याचं जगातलं सगळ्यात मोठं उदाहरण माझ्या मते आर्थर कॉनन डॉयल. शेरलॉक होम्स ज्यांनी लिहिला ते, स्वतः एडिंबरामध्ये शिकलेले डॉक्टर. 1917 मध्ये इंग्लंडमधल्या कॉटिंग्ली गावात 16 वर्षांची एल्सी आणि 9 वर्षांची फ्रान्सिस या दोन मावसबहिणींनी ओढ्याकाठी पऱ्यांचे फोटो काढले. डॉयल यांनी स्ट्रँड मासिकाच्या 1920 च्या ख्रिसमस अंकात ते फोटो खरे म्हणून छापले आणि 1922 मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. फोटोग्राफीच्या जाणकाराने निगेटिव्ह तपासून सांगितलं होतं की काचेवर काही खाडाखोड नाही, आणि ते खरंच होतं, कारण सगळी कारागिरी कॅमेऱ्याच्या पुढे झाली होती, कागदाची चित्रं कापून टोपीच्या पिनांनी उभी केली होती! एका फोटोत बुटक्याच्या पोटावर त्या पिनेचं टोक दिसतं. आता तुम्हीआम्ही काय म्हणू, पिन आहे. डॉयल डॉक्टर, त्यांना तिथे बेंबी दिसली, आणि बेंबी आहे म्हणजे यांच्यातही माणसांसारखीच मुलं जन्मत असणार असा निष्कर्ष त्यांनी काढला. शरीरशास्त्र शिकलेला नसता तर एवढं पुढचं सुचलंच नसतं हो त्यांना. त्या बहिणींनी 1983 मध्ये, म्हातारपणी, कबूल केलं की चित्रं 1914 सालच्या मुलांच्या एका पुस्तकातून बघून काढलेली होती (फ्रान्सिस मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिली की पाचवा फोटो खरा होता), आणि त्याच पुस्तकात खुद्द डॉयल यांचीही एक गोष्ट होती.

त्यांना हसायला मला आवडत नाही, कारण त्या माणसाचं दुःख खरं होतं. मृतांशी बोलता येतं हा विश्वास त्यांनी 1916 मध्ये जाहीर केला होता, त्यानंतर 1918 मध्ये मुलगा किंग्जली गेला, 1919 मध्ये भाऊ गेला. माणूस तर्कापर्यंत पोचायच्या आधी कुठल्या तरी दारातून आत आलेला असतो, आणि ते दार बहुतेक वेळा भीतीचं किंवा दुःखाचं असतं.

अमेरिकेतला एक प्रयोगही सांगते, 2013 मध्ये डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला. हजारावर लोकांना एक तक्ता दिला, त्वचेवरच्या पुरळाचं नवीन क्रीम लावलेल्यांपैकी 223 जण बरे झाले आणि 75 जणांचं वाढलं, न लावलेल्यांपैकी 107 बरे झाले, 21 जणांचं वाढलं. पटकन बघितलं तर 223 मोठा आकडा दिसतो म्हणून क्रीम चांगलं वाटतं, पण टक्के काढा, क्रीमवाले साधारण 75 टक्के बरे आणि बिनक्रीमवाले जवळपास 84 टक्के. ज्यांचं गणित चांगलं त्यांना हे जास्त वेळा बरोबर आलं. मग तेच आकडे घेऊन विषय बदलला, बंदुकीवर बंदी घातलेल्या शहरांत गुन्हे वाढले की कमी झाले (तिकडे यावरून राजकीय पक्षांत कायम भांडण असतं). आता मात्र चांगल्या गणितवाल्यांनी ते गणित तेव्हाच नीट सोडवलं जेव्हा उत्तर त्यांच्या राजकीय मताच्या बाजूचं होतं, आणि विरुद्ध निघत असेल तर पहिल्या नजरेच्या चुकीच्या उत्तरावरच थांबले. दोन बाजूंतलं अंतर हुशार लोकांमध्ये जास्त पडलं. पुढे इतरांनी हा प्रयोग परत करून बघितला तेव्हा फरक इतका ठळक दिसला नाही, त्यामुळे यावर सगळी भिस्त ठेवू नका, पण घरोघरी जे दिसतं त्याच्याशी मला तो जुळतोय असं वाटतं.

आता तुम्ही काय करायचं. चुंबकीय क्षेत्रावर वाद घालू नका, तिथे तो तुमच्यापेक्षा चांगलाच आहे आणि प्रत्येक वादात त्याचा मुद्दा अजून पक्का होणार. त्या सहा महिन्यांत काय झालं, तू किती घाबरला होतास, हे विचारा, बहुतेक कुणीच विचारलं नसेल त्याला. आणि दुसरं, प्रेमाने, टोमणा न मारता, एक कागद मागा त्याच्याकडून. पुढच्या वर्षभरात काय झालं तर वास्तुबदल लागू पडला म्हणायचं आणि काय झालं तर नाही म्हणायचं, हे त्याने आजच लिहून तारीख टाकून कपाटात ठेवायचं. वर्षाने काहीही झालं तरी हुशार माणूस ते बसवून दाखवतो, म्हणून आधी लिहिणं महत्त्वाचं.

ताई, तुमचे आधीचे लेख वाचून असं वाटायला लागलंय की हुशार असण्याचा काही फायदाच नाही. मी एमएस्सीला आहे, मग आम्ही शिकतोय कशाला? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

असं नाही गं, हे सांगायचं राहून गेलं माझ्याकडून. एक प्रसिद्ध प्रश्न आहे, बॅट आणि बॉल मिळून 110 रुपये, बॅट बॉलपेक्षा 100 रुपयांनी महाग, तर बॉल केवढ्याचा? मनात पहिलं उत्तर येतं 10. बरोबर उत्तर 5. शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये अशा तीन प्रश्नांची छोटी चाचणी बनवली, त्यांच्या प्रश्नात डॉलर आणि सेंट होते एवढंच, आणि पुढच्या अभ्यासांत दिसलं की पहिलं उत्तर गिळून परत तपासणारी माणसं भूतप्रेत वगैरे गोष्टींवर सरासरीने थोडा कमी विश्वास ठेवतात. म्हणजे उपयोग आहेच.

पण त्याच्याच बाजूला 2012 चा वेस्ट, मेसर्व्ह आणि स्टॅनोविच यांचा अभ्यास ठेव. दुसऱ्यांच्या विचारात पूर्वग्रह दिसतात आणि आपल्या स्वतःच्यात दिसत नाहीत, हा दोष सगळ्यांमध्ये असतो, आणि त्यांना सापडलं ते असं की बुद्धीच्या चाचण्यांत वर असलेल्यांमध्ये तो कमी तर नव्हताच, उलट किंचित जास्त होता. बॅट-बॉलच्या प्रश्नात तुझं काहीच अडकलेलं नसतं गं. जिथे आपली जात, आपला पक्ष, आपले वडील, आपले गेलेले पैसे अडकलेत तिथे दुसऱ्यांदा तपासायची इच्छाच होत नाही, आणि इच्छा झाली तरी तपासणारी बुद्धी आणि समर्थन करणारी बुद्धी एकच असते.

शास्त्रज्ञही याला अपवाद नाहीत. फ्रान्समध्ये नान्सी शहरातल्या ब्लाँडलो यांनी 1903 मध्ये एन-किरण नावाचे नवे किरण शोधल्याचं जाहीर केलं, नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ, मग इतर अनेकांनाही ते दिसायला लागले. 1904 मध्ये रॉबर्ट वुड नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ त्यांच्या प्रयोगशाळेत गेले आणि अंधारात उपकरणातला प्रिझम हळूच काढून खिशात घातला. प्रिझमशिवाय प्रयोगच होऊ शकत नव्हता, तरी मोजमापाचे आकडे पूर्वीसारखेच येत राहिले, म्हणजे ते किरण नव्हतेच. खोटं कुणीच बोलत नव्हतं, त्यांना ते खरंच दिसत होतं. एमएस्सीत जे शिकशील त्यातलं डबल ब्लाइंड (खरं औषध कुणाला दिलंय हे देणाऱ्यालाही माहीत नाही आणि घेणाऱ्यालाही), कंट्रोल ग्रुप (तुलनेसाठी औषध न दिलेला गट), हे सगळं म्हणून आहे, आपल्याच हुशारीचे हात थोडे बांधून ठेवायला.

मी माध्यमिक शाळेत शिक्षक आहे, विज्ञान शिकवतो. तरीही सांगतो, एका ज्योतिषाने पत्रिका बघून माझा स्वभाव इतका अचूक सांगितला की मी हादरलो. "वरून कणखर पण आतून हळवे, लोकांनी तुमच्या कष्टांची कदर केली नाही." अनुभव खोटा कसा म्हणू? (एक शिक्षक, रत्नागिरी)

सर, अनुभव खोटा नाहीच. वाक्यं तुम्हाला लागू पडली हे शंभर टक्के खरं. प्रश्न एवढाच की ती तुमच्या शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना लागू पडली नसती का? बर्ट्रम फोरर यांनी 1948 मध्ये हेच बघितलं. वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची स्वभावचाचणी घेतली, प्रत्येकाला त्याचं म्हणून वर्णन दिलं आणि 5 पैकी गुण द्यायला सांगितले, सरासरी आली 4.26. मग सांगितलं की सगळ्यांना एकच कागद दिला होता, त्यातली वाक्यं त्यांनी बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. सर, तुम्ही हे तुमच्या नववीच्या वर्गात करून बघाच, एक तास जातो आणि मुलं जन्मभर विसरत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल स्वभाव सोडा, पत्रिकेत बाकी काही असेल. तर हे आपल्या महाराष्ट्रातच तपासून झालंय आणि त्याचा मला फार अभिमान वाटतो. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी 2008 च्या सुमारास ही चाचणी घेतली. 100 हुशार मुलं आणि 100 मतिमंद मुलं, त्यांच्या जन्मवेळेवरून पत्रिका केल्या, आणि ज्योतिषांना आवाहन केलं की या आणि नुसत्या पत्रिकेवरून कोण कुठलं ते सांगा. प्रत्येकाला 40 पत्रिका. 51 जणांनी मागवल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. 28 बरोबर आली तर यश मानायचं हे आधीच ठरलेलं होतं. सगळ्यात जास्त आली 24, आणि सरासरी निघाली 46 टक्के, म्हणजे नाणं उडवून सांगितलं असतं तरी साधारण तेवढीच आली असती. एका संस्थेने सगळ्या 200 पत्रिका घेतल्या होत्या, त्यांची 102 बरोबर आली.

मला यातलं सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू, कुणाचा अपमान केला नाही, ज्योतिषांनाच बोलावलं, मोजायचं कसं ते आधी ठरवलं आणि निकाल छापला. दाभोलकरांना आपण 20 ऑगस्ट 2013 ला गमावलं, पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून मारलं त्यांना, हे लिहिताना आजही हात थांबतो. इतक्या शांतपणे प्रश्न विचारणाऱ्या माणसाची ही गत झाली.

आणि सर, एक हिशेब करा. त्या ज्योतिषाने एकूण किती गोष्टी सांगितल्या? त्यातल्या लागू न पडलेल्या आठवतात का? फार जुनी गोष्ट आहे, सिसेरोने सांगितलेली आणि 1620 मध्ये फ्रान्सिस बेकनने परत सांगितलेली, की नवस बोलून वादळातून वाचलेल्या खलाशांची चित्रं कुणीतरी देवळात दाखवली, तर बघणारा म्हणाला, आणि नवस बोलून जे बुडाले त्यांची चित्रं कुठे आहेत?

ताई, मी न्यू जर्सीत असते. सासरे पुण्यात, केमिस्ट्रीचे निवृत्त प्राध्यापक. कुठलाही आजार व्हिटॅमिन सीने बरा होतो म्हणून रोज मूठभर गोळ्या घेतात आणि आता बीपीची गोळी बंद करायचं म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर मी लेख पाठवते, ते त्याच्या दुप्पट पाठवतात. म्हणतात, दोन नोबेल मिळालेला माणूस हे सांगून गेलाय, तुला जास्त कळतं का? (एक वाचक, एडिसन)

सगळ्यात आधी तातडीचं, बीपीची गोळी मनाने बंद करू द्यायची नाही, आजच त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना फोन करा आणि डॉक्टरांकडूनच त्यांच्याशी बोलणं करून द्या. सी व्हिटॅमिनच्या मोठ्या डोसने मुतखड्याचा धोका वाढतो हेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

दोन नोबेल म्हणजे लायनस पॉलिंग. 1954 चं रसायनशास्त्राचं आणि 1962 चं शांततेचं, रासायनिक बंध कसे जुळतात हे जगाला शिकवणारा माणूस, तुमच्या सासऱ्यांनी आयुष्यभर त्यांचंच शिकवलं असणार त्यामुळे त्यांचा आदर मी समजू शकते. त्यांनी 1970 पासून सर्दीसाठी आणि पुढे कॅन्सरसाठीही व्हिटॅमिन सीचा आग्रह धरला, स्वतः ग्रॅमच्या हिशेबात घ्यायचे. 1976 मध्ये स्कॉटलंडच्या इवान कॅमेरॉन यांच्याबरोबर त्यांनी छापलं की सी दिलेले 100 पेशंट जास्त जगले, पण तुलना होती जुन्या कागदपत्रांतल्या 1000 पेशंटशी. मग अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने नीट चाचणी घेतली, 1979 मध्ये निकाल आला, फायदा नाही. पॉलिंग म्हणाले, या पेशंटना आधी केमो दिली होती म्हणून. तो आक्षेप मान्य करून मेयोने केमो न घेतलेले पेशंट घेऊन परत चाचणी केली, 1985, तरीही फायदा नाही. तेव्हा पॉलिंग म्हणाले, तुम्ही सी लवकर बंद केलं म्हणून. प्रत्येक आक्षेप शास्त्रीय वाटतो बघा, सुटासुटा घेतला तर रास्तही वाटतो, पण चुकलो असं म्हणायला जागाच उरत नाही. मधे 1981 मध्ये त्यांची पत्नी पोटाच्या कॅन्सरने गेली. 1994 मध्ये ते स्वतः 93 व्या वर्षी प्रोस्टेट कॅन्सरने गेले, तोपर्यंत मत बदललं नाही.

सासऱ्यांना लेख पाठवणं बंद करा, त्यांच्यासाठी ती परीक्षा होते आणि सुनेसमोर प्राध्यापक नापास होणार नाहीत. त्याऐवजी त्यांना शिक्षक म्हणून विचारा, "बाबा, मेयोच्या दुसऱ्या चाचणीत पॉलिंगचा पहिला आक्षेप काढून टाकला होता, मग निकाल का बदलला नाही, मला समजावून सांगाल का?" एवढंच. त्यांना स्वतः वाचून समजावू द्या. लगेच काही होणार नाही, महिना जाईल, सहा महिने जातील, पण जे माणूस स्वतः शोधून काढतो ते सोडायला त्याला लाज वाटत नाही. आणि बीपी रोज वहीत लिहायला सांगा, प्राध्यापक माणूस आहे, नोंदी नक्की ठेवेल.

तुम्ही सगळ्यांना सांगता, तुमच्या बाबतीत असं कधी झालंय का? (एक वाचक, लातूर)

झालंय. बाबांच्या कॅन्सरच्या वेळी. दर काही महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आणायला मी आणि भाऊ रिक्षाने जायचो. दोनदा मारुतीच्या देवळावरून लांबच्या रस्त्याने गेलो आणि दोन्ही रिपोर्ट चांगले आले, त्यानंतर मी रिक्षावाल्याला तिकडूनच घ्यायला सांगायचे. मी तेव्हा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत होते, मला कोरिलेशन (दोन गोष्टी बरोबर घडणं) म्हणजे काय आणि कॉज (एकीमुळे दुसरी घडणं) म्हणजे काय हे झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. तरी मी स्वतःला सांगितलं की या रस्त्याने मन शांत राहतं, त्याचा काय तोटा आहे. एकदा तिकडून जाऊनही रिपोर्ट वाईट आला, तर माझ्या मनात आलं, आज देवळासमोर गर्दी होती, दर्शन नीट झालं नाही. हे वाक्य मी मनातल्या मनात पूर्ण केलं आणि मला ते चुकीचं वाटलंही नाही.

बाबा गेल्यावर वर्षाने भावाची हिशेबाची वही हाताला लागली. तो रिक्षाचं भाडंसुद्धा लिहायचा, लांबच्या रस्त्याला 60, जवळच्याला 40, आणि बाजूला रिपोर्टचा आकडा. एकूण नऊ खेपा. 60 च्या सहा, त्यात तीन रिपोर्ट वाईट. 40 च्या तीन, म्हणजे घाईत जवळच्या रस्त्याने गेलो त्या, आणि त्यातले दोन रिपोर्ट चांगले. ते दोन चांगले रिपोर्ट मला अजिबात आठवत नव्हते, आजही आठवत नाहीत, वहीत आहेत म्हणून माहीत.